पेढे कशाचे वाटलेत, ताई?

(पत्र थोडं कापलंय. गाव ठेवलंय कारण पेढ्यांचा विषय आहे आणि पेढे म्हटलं की सातारा लपत नाही.)

"नमस्कार ताई. मी साताऱ्याची, वय ५८, शाळेत मराठी शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मिस्टर नाहीत. मुलगी एकुलती एक, ३१ वर्षांची, पुण्यात नोकरीला. २०२१ ला कोरोनात ती घरून काम करत होती तेव्हा एका रात्री भांडी घासता घासता म्हणाली, आई मला एक मुलगी आवडते, आम्ही दोघी बरोबर राहणार आहोत. मी किती रडले ते माझं मला माहीत. एका डॉक्टरांकडे पण नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. नंतर मी वाचलं, व्हिडिओ बघितले, हळूहळू पटलं. ती मुलगी घरी यायला लागली, गुणी होती, माझ्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा डबा संपेपर्यंत खायची. पुण्यात प्राइडची मिरवणूक असते तिथं पण गेले, गुडघे दुखत होते तरी. भावाला, जावांना मीच सांगितलं, बोलणी खाल्ली. गेल्या वर्षी दोघींचं फाटलं, कारण सांगितलं नाही. आणि आता गौरी-गणपतीला ही आली ती एका मुलाला घेऊन. म्हणाली सहा महिने भेटतोय आम्ही. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी कंदी पेढे आणून आख्ख्या आळीत वाटले आणि जाऊबाईंना फोन करून सांगितलं, आमची पोर बरी झाली हो! हे तिनं दारातून ऐकलं. बोलली काही नाही, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दोघं निघून गेली, तिच्यासाठी ठेवलेला पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर तसाच. रात्री मेसेज आला, 'मी बरी झाले नाही, मी आजारी नव्हते. मी बायसेक्शुअल आहे. तेव्हाही होते.' महिना होत आला, फोन उचलते पण हो-नाही इतकंच. तिच्या जुन्या मैत्रिणींनी पण तिला ग्रुपमधून काढलं म्हणे, 'तू काय, सुटलीस आता' म्हणून. मी शब्दकोशात उभयलिंगी बघितलं तर मला गांडूळच आठवलं. ती तेव्हा खोटं बोलत होती की आता बोलतेय? का हे असंच तळ्यात-मळ्यात चालू राहणार? उद्या ह्या मुलाला सोडून परत कुणी मुलगी आणली तर? लेकीच्या सॅकला एक गोंडा आहे, गुलाबी-जांभळा-निळा, प्राइडच्या दिवशी तो उसवला तर बसमध्ये मीच सुईदोऱ्यानं शिवला होता, सारखा तो दिवस आठवतो. आणि एक वेड्यासारखा प्रश्न, त्या पहिल्या मुलीचा नंबर अजून माझ्याकडे आहे, दिवाळीला मेसेज करू का?
— एक आई, सातारा"

ताई, आधी सरळ उत्तर देते, बाकीचं नंतर. ती तेव्हाही खरं बोलत होती आणि आत्ताही खरंच बोलतेय.

तुमचंच पत्र परत वाचा. २०२१ ला भांडी घासताना ती काय म्हणाली? "मला एक मुलगी आवडते." मला मुलीच आवडतात असं ती म्हणाली नाही, निदान तुम्ही तसं लिहिलेलं नाही. तो 'च' तुम्ही जोडलात. तुम्ही आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलंत, एका 'च'नं वाक्याचं काय होतं हे मी तुम्हाला काय सांगणार. आणि ह्यात तुमची एकटीची चूक नाही हो, आपण सगळेच तो 'च' जोडतो, बाई बाईबरोबर दिसली की "हिला बायकाच", पुरुषाबरोबर दिसली की "हिला पुरुषच", मधलं काही असतं हे आपल्या डोक्यात येतच नाही, आणि ज्याच्या डोक्यात येतं त्याला ते अर्धवट वाटतं, पुरतं न झालेलं, अजून शिजायचं राहिलेलं काहीतरी.

आता तो गोंडा. गुलाबी, जांभळा, निळा. ताई, तो शोभेचा गोंडा नाहीये, ते बायसेक्शुअल लोकांच्या झेंड्याचे रंग आहेत. अमेरिकेतल्या मायकल पेज नावाच्या माणसानं १९९८ मध्ये तो झेंडा केला, वर गुलाबी, खाली निळा, मध्ये जांभळ्याची बारीक पट्टी. कल्पना अशी की जांभळा रंग दोन्हीकडे असा मिसळून जातो की वेगळा म्हणून दिसत नाही, आणि ह्या लोकांचंही तसंच होतं, गुलाबीत उभे राहिले की गुलाबी, निळ्यात उभे राहिले की निळे. तर प्राइडच्या दिवशी, शेजारी तिची मैत्रीण असताना, तुमच्या लेकीच्या पाठीवर हे तीन रंग लटकत होते, आणि ते पडले तेव्हा तुम्हीच बसमध्ये सुईत दोरा ओवून परत लावून दिलेत. हे वाचताना मला हसूही आलं आणि गळाही दाटून आला. ती मेसेजमध्ये "तेव्हाही होते" म्हणाली ते उगाच नाही. तिचा पुरावा तुमच्याच हातचा टाका आहे.

गांडुळाचं मात्र तुम्ही छान लिहिलंत, कारण घोळ खरंच शब्दात आहे. शाळेत आपण शिकलो गांडूळ उभयलिंगी, जास्वंदीचं फूल उभयलिंगी, म्हणजे एकाच शरीरात दोन्ही, आणि मग तोच शब्द माणसाच्या आवडीला लावला की लोकांना वाटतं हिच्या शरीरातच काहीतरी वेगळं आहे. तसं काही नाही. म्हणून हल्ली बरेच जण उभयलैंगिक म्हणतात, आणि बहुतेक पोरं सरळ बाय म्हणून मोकळी होतात (आमच्या मालवणात बाय म्हणजे लाडानं मुलीला मारलेली हाक, त्यामुळे मला तर तो शब्द फारच आवडतो). पण तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला तिसरा उभयलिंगी माहितीये की, व्याकरणातला. तो वेळ, ती वेळ. तो बाग, ती बाग. तंबाखू, ढेकर. वर्गात एखादं पोर उठून म्हणालं का कधी की बाई, ह्या 'वेळ'ला एकदाचं ठरवायला सांगा? 'चांगला वेळ गेला' म्हटलं की आपण तो समजतो, 'चांगली वेळ आली' म्हटलं की ती समजतो, शब्द आपला जागचा हललेला नसतो, शेजारी कोण येऊन बसलंय त्यावरून आपण ठरवतो. तुमच्या लेकीचं आत्ता एवढंच झालंय. शेजारी मुलगी होती तेव्हा जगानं तिला लेस्बियन म्हटलं, आता मुलगा आहे तर "बरी झाली" म्हणतंय.

बाय म्हणजे एकापेक्षा जास्त लिंगाच्या माणसांकडे ओढ वाटू शकते, बस. दोन्हीकडे निम्मीनिम्मी वाटायला पाहिजे असं नाही, एकाच वेळी वाटायला पाहिजे असं तर मुळीच नाही, आणि आयुष्यभर एकाच माणसाबरोबर राहिलं तरी ती ओढ पुसली जात नाही, जशी तुमच्या मिस्टरांच्या मागेही तुमची स्वतःची ओळख पुसली गेली नाही. अल्फ्रेड किन्सी म्हणून एक प्राणिशास्त्रज्ञ होता, आधी वर्षानुवर्षं एका जातीच्या बारीक गांधीलमाश्या गोळा करून मोजायचा, मग माणसांकडे वळला आणि हजारो लोकांच्या मुलाखती घेऊन १९४८ मध्ये त्यानं ० ते ६ अशी एक पट्टी मांडली, शून्य म्हणजे फक्त विरुद्धलिंगी, सहा म्हणजे फक्त समलिंगी, आणि मधल्या एक ते पाचावरही भरपूर माणसं सापडली. त्या पट्टीत त्रुटी आहेत, नंतरच्या लोकांनी त्या दाखवल्याही, पण मधे माणसं राहतात हे पंचाहत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आणि आपण अजून त्यांना "ठरव एकदाचं" म्हणतोय.

"आपण" म्हणतेय त्यात मी आले. २००३-०४ ची गोष्ट, मी पुण्यात हॉस्टेलला होते, माझी रूममेट आणि मी जिन्यात बसून वडापाव खात होतो, लाइट गेली होती. अंधारात ती म्हणाली की मला ना, दोन्ही आवडतात, मुलगे पण आणि मुली पण. आणि मी, अकलेचा कांदा, म्हणाले, "अगं ठरव की काहीतरी, साडीचं दुकान आहे का!" आणि हसले. ती पण हसली. मग तिनं वडापावचा कागद घेतला, त्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी, मग अजून एक, अगदी सुपारीएवढा होईपर्यंत, आणि विषय बदलला. पुढं तिचं लग्न झालं, मुलाशीच, आणि मी मांडवात तिच्या कानात म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं तुला! दहा-बारा वर्षांनी एकदा फोनवर ती म्हणाली, जिन्यातलं मी विसरले असते गं, पण मांडवातलं नाही विसरले, तू मला माझ्याच लग्नात खोटी ठरवलंस. तर ताई, तुमचे पेढे आणि माझं ते कानातलं वाक्य, एकाच दुकानातलं आहे. म्हणून मी तुम्हाला रागवत नाहीये, मला तो हक्कच नाही.

तळ्यात-मळ्यात म्हणालात. लहानपणी खेळलोय ना आपण, रेघ आखायची, एक पोरगी ओरडणार तळ्यात! मळ्यात! आणि बाकीच्यांनी उड्या मारायच्या. लक्षात घ्या, त्या खेळात ओरडणारं वेगळं असतं आणि उड्या मारणारं वेगळं. तुमची लेक उड्या मारत नाहीये. ती रेघेवर शांत उभी आहे आणि एकीकडून तुम्ही मळ्यात ओरडताय, दुसरीकडून तिच्या मैत्रिणी तळ्यात, आणि तिनं एका जागी राहायचं ठरवलं म्हणून दोघांनी तिला आउट दिलंय.

उद्या ह्याला सोडून मुलगी आणली तर? आणेल. किंवा नाही आणणार. किंवा ह्या मुलाला सोडून दुसरा मुलगा आणेल. ३१ वर्षांच्या कुठल्याही मुलीबद्दल हेच उत्तर आहे. पहिलं नातं तुटलं, मधे काही महिने गेले, दुसरं जुळलं, ह्यात बाय असण्याचा संबंध कुठं आला? पहिला मुलगा असता आणि दुसराही मुलगा असता तर तुम्ही हा प्रश्न मला विचारला नसता. लोकांच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय की दोन्ही आवडतात म्हणजे दोन्ही लागतात, एकावर भागणार नाही. ज्याला उंच आणि बुटक्या दोन्ही बायका आवडतात त्याला आपण दोन संसार थाटायला लावतो का. (जेवणाची उदाहरणं मी मुद्दाम देत नाही, व्हेज-नॉनव्हेज वगैरे, माणूस म्हणजे थाळी नव्हे, आणि ह्या पोरांनी ते जोक इतके ऐकलेत की विचारू नका.) कोण आवडू शकतं हा एक प्रश्न, दिलेला शब्द पाळायचा की नाही हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर स्वभावात असतं, आणि तो तिचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तुम्ही वाढवलाय.

आता तिच्या मैत्रिणींचं. आपल्यात म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. दोन्ही घरांना वाटतं हा तिकडं जेवून येईल. बाय माणसाचं तंतोतंत हे होतं, स्ट्रेट लोकांना वाटतं ह्यांचं आपलं वेगळं जग आहे, गे-लेस्बियन लोकांना वाटतं ह्यांना काय, कधीही परत जाता येतं. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरनं २०१३ मध्ये एक मोठा सर्व्हे छापला, त्यात विचारलं होतं की तुमच्या आयुष्यातल्या सगळ्या किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना तुमच्याबद्दल माहीत आहे का. गे पुरुषांपैकी ७७ टक्के हो म्हणाले, लेस्बियन बायकांपैकी ७१ टक्के. आणि बाय लोकांपैकी? २८. तो आकडा आपल्या देशातला नाही, पण ज्या देशात बोलायला इतकी मोकळीक तिथं हे, तर साताऱ्यात काय असेल ह्याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. आणि तुमच्या लेकीनं त्या वाटेनं दोनदा सांगितलंय, एकदा भांडी घासताना आणि एकदा मेसेजवर.

हे दोन्ही घरं असं का वागतात ह्यावर केंजी योशिनो म्हणून कायद्याचे एक प्राध्यापक आहेत तिकडचे, त्यांनी २००० साली एक लांबलचक लेख लिहिला होता, त्याचा गाभा मला फार पटतो. त्यांचं म्हणणं, स्ट्रेट आणि गे ह्यांचं एरवी कितीही वैर असो, बाय लोक नाहीतच असं समजण्यात दोघांचाही फायदा आहे, जणू न बोलता केलेला करार. कारण बाय लोक आहेत असं मान्य केलं की कुणालाच स्वतःबद्दल छातीठोक पुरावा देता येत नाही. आत्ता कसं, माझा नवरा आहे म्हणजे मी स्ट्रेट, संपला विषय. पण बाय असतं म्हटलं की नवरा असणं हा पुरावा राहतच नाही! तिकडं गे माणसाचंही तेच, शिवाय त्यांना वर्षानुवर्षं घरच्यांना सांगावं लागलंय की आम्हाला दुसरा पर्यायच नाही, आम्ही असेच आहोत, आणि आता कुणी म्हणालं मला दोन्ही आवडतात तर घरचे लगेच म्हणणार, बघ, तिला जमतं मग तुला का नाही. म्हणजे भीती खरी आहे. फक्त तिचा राग चुकीच्या माणसावर निघतो.

आणि मैत्रिणींच्या "सुटलीस" मध्ये एक खरा काटा आहे, तो तुम्ही समजून घ्या म्हणजे तुम्हाला स्वतःचा आनंदही नीट दिसेल. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना बाहेर काढलं, त्यामुळे लेक आणि तिची मैत्रीण गुन्हेगार नव्हत्या. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे ती त्या मुलीबरोबर राहिली असती तर लग्नाची नोंद नाही आणि त्याच्याबरोबर येणारं काहीच नाही. आता ह्या मुलाशी करायचं म्हटलं तर रजिस्ट्रार ऑफिसला नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं, तीन साक्षीदार, सही, झालं. माणूस तीच, हक्क वेगळे. मैत्रिणींना हे टोचतं, टोचणारच, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी घरच्यांनी जबरदस्तीनं लावलेली लग्नं जवळून बघितली असतील. पण म्हणून तिला ग्रुपमधून काढायचं? मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम नावाचा गट सुरू झाला, पुढं त्याचं नाव लेबिया झालं, त्यात लेस्बियन आणि बाय बायका पहिल्यापासून एकत्र होत्या. आणि तुम्ही गुडघे धरून ज्या मिरवणुकीत चाललात तिची मूळ मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये १९७० मध्ये निघाली, ती घडवून आणणाऱ्यांत ब्रेंडा हॉवर्ड नावाची बाई होती, तिला लोक प्राइडची आईच म्हणतात. ती बाय होती. तिलाच ग्रुपमधून काढायची वेळ आली असती.

बाय पुरुषांचं अजून वेगळं, तेही थोडक्यात सांगते कारण हे वाचणाऱ्यांत कुणीतरी असेल. २००५ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, निष्कर्ष असा की बाय म्हणवणाऱ्या पुरुषांच्या शरीराच्या प्रतिक्रियेत बाय असं काही सापडत नाही, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर मथळा दिला त्याचा अर्थ असा की हे लोक स्ट्रेट आहेत, गे आहेत की खोटारडे. पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून नवीन पेपर आला, की पुरुषांमध्ये बाय असणं असतं, भक्कम पुरावा आहे. गंमत म्हणजे २००५ वाल्यांपैकी दोघं ह्या पेपरच्याही लेखकांत आहेत. त्यांनी मत बदललं, मानलं पाहिजे, पण मधली पंधरा वर्षं कितीजणांनी तो मथळा तोंडावर फेकून मारला असेल. आणि एक बघा, पुरुष बाय म्हणाला की लोक म्हणतात हा खरा गे आहे, लपवतोय, म्हणजे ह्याला खरं तर पुरुषच हवा. बाई बाय म्हणाली की लोक म्हणतात मस्ती आहे, चार दिवसांचं, शेवटी येईल लाइनवर, म्हणजे हिलाही खरं तर पुरुषच हवा. दोन्हीकडे पुरुषच जिंकतो!

तुमचा "बरी झाली" हा शब्द ह्याच खात्यातला. तुम्ही दोन शब्द बोललात, तिनं त्यात काय ऐकलं असेल ते सांगते. की २०२१ पासूनचा आईचा सगळा समजूतदारपणा हा आजारी माणसाच्या उशाशी बसण्यासारखा होता. की ती पहिली मुलगी, जिच्यासाठी तुम्ही चिवडा करायचात, ती म्हणजे ताप. की आई प्राइडला आली ते दुखणं घालवायला नवस फेडावा तसं. आणि शेजारी बसलेला तो मुलगा, बिचारा, तो औषध झाला. तुमच्या मनात ह्यातलं काही नव्हतं हे मला पत्रावरून दिसतंय. पण जागतिक आरोग्य संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं ते १९९० मध्ये, तुमच्या लेकीच्या जन्माच्याही आधी, आणि २०२१ ला ज्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन लग्न लावा म्हटलं त्यांच्यासारख्यांसाठी पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे "सुधारायचे" उपचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. त्या गोळ्या तिनं तेव्हा गिळल्या होत्या का टॉयलेटमध्ये टाकल्या, हे तुम्ही कधी विचारलंत का? विचारू नका आत्ता. पण "बरी" हा शब्द तिला थेट त्या केबिनमध्ये घेऊन गेला असणार.

आनंद झाला त्याची लाज वाटून घेऊ नका. आनंद कशाचा झाला तेवढं फक्त खरं सांगा, आधी स्वतःला. माझा अंदाज सांगू? लेकीला पुरुष मिळाला म्हणून नाही, तुम्हाला आता लग्नकार्यात तोंड लपवायला नको, जावांची बोलणी नकोत, मागं तिचं कोण बघेल ही काळजी कायद्यानं मिटेल, म्हणून हुश्श झालं. ते हुश्श माणसाचं आहे. चार वर्षं एकटीनं ओढलंत तुम्ही.

आता करायचं काय. फोन नको, ती हो-नाही करेल आणि तुम्ही रडाल. मेसेज लिहा, छोटा. "मी बरी झाली म्हणाले ते चुकलं. तू आजारी नव्हतीस. तेव्हाचं खरं होतं, आत्ताचंही खरं आहे. गोंडा कसला ते मला आज कळलं." बास. पुढं "पण" लावू नका, तुमच्या माझ्या वयाच्या बायकांना "पण" लावायची फार सवय. निळी टिक दिसली आणि उत्तर नाही आलं तर चार दिवस थांबा.

जाऊबाईंना मात्र घाईनं फोन करू नका. तुम्ही २०२१ ला सगळ्यांना सांगितलंत ते धाडसच होतं, पण तुम्ही लिहिलंय "मीच सांगितलं", तिला विचारून की न विचारता ते लिहिलेलं नाही. ह्या वेळी आधी विचारा, की काकूला मी काय सांगू, बाय आहे म्हणून सांगू का नुसतं माझं बोलणं चुकलं इतकंच सांगू. ती म्हणेल ते. आळीत पेढे वाटून झालेत ते परत गोळा करता येणार नाहीत, पण पुढच्या वेळी कुणी "बरं झालं हो, सुधारली पोरगी" म्हणालं तर "सुधारण्यासारखं काही नव्हतं" एवढं तर म्हणता येईल, भाजी निवडता निवडता सुद्धा.

त्या मुलाबद्दल तुम्ही काळजी चुकीच्या बाजूनं करताय असं मला वाटतं. ती त्याला सोडेल का हे विचारताय, तो तिला कसा वागवतो हे बघा. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१० चा सर्व्हे आहे, जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसावा लागलेल्या बायका, स्ट्रेट बायकांत ३५ टक्के, लेस्बियन ४४ आणि बाय बायकांत ६१. मला तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा चुकीचा छापलाय असं वाटलं होतं. आकडा कारण सांगत नाही, पण मला ओळखीतल्या बाय मुलींकडून जे ऐकायला मिळालंय ते हेच, की संशय. हिला दोन्ही आवडतात म्हणजे हिच्यावर दोन्हीकडून नजर ठेवायची, मैत्रिणीचा फोन आला तरी चौकशी, आणि भांडण झालं की "तुझं काय, तू तसलीच". तर तो मुलगा तिच्याबरोबर पहाटे गुपचूप एसटीत बसला ही चांगली खूण आहे, "बरी झाली" ऐकून खूश होऊन थांबला नाही. पुढच्या वेळी दोघं आली की त्याच्याशी बोला. त्याला माहीत आहे का, असं आडून आडून नको, माहीत असणारच. तो त्याबद्दल जोक करतो का आणि केला तर ती हसते का, एवढं बघा, आयांना ते बरोबर दिसतं.

तुमच्यासाठी पण कुणीतरी पाहिजे. मुंबईतून सुरू झालेला 'स्वीकार' म्हणून पालकांचा गट आहे, अशा मुलांच्या आईवडिलांचा, एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. तिथं जा, तुम्ही आधीच त्यांच्यातल्या आहात. आणि रात्री फारच उलघाल झाली तर १४४१६ ही सरकारी टेलिमानसची लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिला तो वेड्यासारखा प्रश्न, जो मला तुमच्या पत्रातला सगळ्यात शहाणा वाटला. आधी लेकीला विचारा, कारण फाटलं का ते आपल्याला माहीत नाही आणि काही वेळा न विचारण्यातच मान असतो. पण विचारणंही तिला कळेल, की आईच्या लेखी ती मुलगी ताप नव्हती, घरातली होती. लेक हो म्हणाली तर मेसेज कशाला, चिवडाच पाठवा. पातळ पोहे फार भाजू नका, कुरिअरमध्ये चुरा होतो, आणि डबा परत मागू नका.